थंडरबर्डचा अख्खा इनबॉक्स अँटिव्हायरसनं उचलून नेला. सहा वर्षांचे मेल परत मिळतील का?

आंबिया_बहार (ता. वरूड) | सोमवार, १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. मी आमच्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि ऑफिस दोन्ही सांभाळते. तोडणी ऐन भरात आहे, पॅकहाऊस रात्री अकरापर्यंत चालतंय आणि त्यातच हे संकट आलं. घाबरून लिहिते आहे, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

ऑफिसात एकच डेस्कटॉप आहे. विंडोज १०, चार जीबी रॅम. मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये येतो. ब्राउझरमध्ये मेल उघडायचा म्हटलं तर दुपारच्या नेटवर एक पीडीएफ उतरायला पंधरा मिनिटं जातात, आणि कधीकधी नेट दिवसभर येतच नाही. म्हणून २०१९ पासून सगळा मेल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची पद्धत आहे. नेट नसलं तरी कागद हाताशी असतो. पत्ता आमच्या स्वतःच्या डोमेनचा आहे, जीमेलचा नाही.

दिवाळीत जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली, म्हणून तालुक्याच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा नवा बसवून घेतला. पहिल्याच दिवशी थंडरबर्डनं सर्टिफिकेटबद्दल इशाऱ्याची खिडकी दाखवली. दुकानातल्या मुलाला फोन केला, तो म्हणाला कन्फर्म करून टाका. केलं. त्यानंतर मोठी अटॅचमेंट आली की उतरणं अर्ध्यात थांबायचं. पाठवलेला मेल ‘गेला नाही’ असं दिसायचं, म्हणून मी परत पाठवायची, आणि समोरच्याला दोन-दोन प्रती मिळायच्या. एका व्यापाऱ्यानं एकाच गाडीची दोन बिलं आली म्हणून फोनवर चांगलंच सुनावलं. मग तो मुलगा येऊन काही सेटिंग बदलून गेला आणि खिडकी यायची थांबली.

आज दुपारी तीनच्या सुमारास कोपऱ्यात लाल सूचना आली: धोका आढळला, फाइल हटवली. थंडरबर्डमध्ये पाहिलं तर इनबॉक्स रिकामा. सेंट आहे, ड्राफ्ट आहेत, इनबॉक्समध्ये एकही ओळ नाही. बँकेचं मंजुरीपत्र, सभासदांची केवायसी, बांगलादेशला गेलेल्या मालाचे फायटोसॅनिटरीचे (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या दाखल्याचे) कागद, सगळं त्यातच होतं. मंजुरीपत्राची प्रत शुक्रवारी शाखेत द्यायची आहे.

कोणाला असा अनुभव आहे का? आता काय करू, आणि काय करू नको?

---

दुकान_अकोट | सोमवार, रात्री ९:५८

ताई, पह्यले हात थांबवा. मेल गेले नाईत, डांबून ठेवले आहेत. अँटिव्हायरस उघडा अन् त्यात क्वारंटाइन नावाची यादी पाहा. तिथं ‘इनबॉक्स’ नावाची फाइल दिसन.

तीन गोष्टी अजिबात नोका करू. क्वारंटाइन रिकामं नोका करू. अँटिव्हायरस काढून नोका टाकू, काऊन का काढताना तो क्वारंटाइनही पुसून नेऊ शकते. अन् थंडरबर्डनं ‘कॉम्पॅक्ट करू का’ विचारलं तं नाही म्हणा.

माह्या दुकानात वर्षातून दोन-तीन असे येतेतच. पण लोकं येतात कधी, तं सगळं काढून परत टाकून झाल्यावर. तुमी वेळेवर विचारलं.

---

पूर्णाकाठ | सोमवार, रात्री १०:३१

दुकान_अकोट यांचा शब्द न् शब्द पाळा. मी त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे पुढची पावलं उचलताना भीती वाटणार नाही. मी पुण्यात एका कारखान्याचं सर्व्हर आणि मेलचं काम पाहतो, घर जळगाव जामोदकडचं.

आपल्याला इनबॉक्समध्ये हजार ओळी दिसतात, म्हणून वाटतं हजार फाइली असतील. तसं नाही. थंडरबर्ड एका फोल्डरची एकच फाइल करतो. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. २०१९ चा पहिला मेल वरती, आजचा शेवटी, सगळे एकाखाली एक लिहिलेले. फाइलचं नाव नुसतं ‘इनबॉक्स’, पुढं एक्स्टेन्शन काही नाही. शेजारी ‘इनबॉक्स.एमएसएफ’ नावाची छोटी फाइल असते, ती फक्त अनुक्रमणिका. तलाठ्याकडं गावाचे सगळे कागद एकाच बस्त्यात बांधलेले असावेत, तसा प्रकार.

अँटिव्हायरसला हा बस्ता वाटत नाही, त्याला ती एक फाइल वाटते. तिच्या पोटात कुठंतरी २०२० किंवा २१ च्या एखाद्या फसव्या मेलची अटॅचमेंट पडून असते. तुम्ही ती कधी उघडलेली नसते, तिचा त्रासही झालेला नसतो. नव्या अँटिव्हायरसला ती ओळखता येते आणि तो अख्खी फाइल उचलून कोंडतो. एका पानासाठी पूर्ण बस्ता जप्त.

आउटलुकचंही तसंच, तिथं फाइलला पीएसटी किंवा ओएसटी म्हणतात. मायक्रोसॉफ्टनंच सांगून ठेवलंय की या फाइली फाइल-स्कॅनमधून वगळा.

उद्या सकाळी एवढं पाहून सांगा: क्वारंटाइनमध्ये फाइल आहे का, केवढी आहे, खातं पॉप आहे (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं), आणि सर्व्हर सेटिंगमध्ये पोर्ट, म्हणजे मेलच्या ये-जा करण्याच्या दाराचा नंबर, कोणता दिसतो.

---

आंबिया_बहार | मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

दोघांचेही आभार. रात्री झोप नव्हती, तुमचं वाचून जरा धीर आला.

क्वारंटाइनमध्ये ‘इनबॉक्स’ आहे. आकार ४.६ जीबी. खातं पॉप. येणाऱ्या मेलचा पोर्ट ११०, कनेक्शन सिक्युरिटीपुढं ‘नन’ लिहिलंय. जाणाऱ्याचा २५, तिथंही ‘नन’. जुन्या वहीत मी ९९५ आणि ४६५ लिहून ठेवले होते, म्हणजे हे त्या मुलानं बदललेलं दिसतं.

---

पूर्णाकाठ | मंगळवार, सकाळी ११:०२

ताई, ४.६ जीबी शाबूत आहे ही मोठी गोष्ट. मेल परत मिळतील. पण ते पोर्ट बघून मला जास्त काळजी वाटली, म्हणून आधी त्यावर लिहितो.

९९५ आणि ४६५ हे कुलूपबंद रस्ते. तुमचा पासवर्ड आणि मेल सर्व्हरपर्यंत सांकेतिक रूपात जातात, वाटेत कोणाला वाचता येत नाहीत. ११० आणि २५ वर ‘नन’ म्हणजे पोस्टकार्ड.

अँटिव्हायरसमध्ये मेल तपासणारा एक वेगळा भाग असतो, कोणी त्याला मेल शील्ड म्हणतं, कोणी ईमेल प्रोटेक्शन. तो थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्या मधोमध बसतो, बाजार समितीतल्या अडत्यासारखा. आलेलं पोतं उसवायचं, हात घालून पाहायचं, परत शिवायचं आणि पुढं द्यायचं. कुलूपबंद रस्त्यावरचं पोतं त्याला उसवता येत नाही. मग तो स्वतःच सर्व्हरशी बोलतो, माल ताब्यात घेतो आणि तुमच्याकडं पाठवताना स्वतःचा शिक्का मारतो. ते म्हणजे अँटिव्हायरसचं स्वतःचं सर्टिफिकेट. थंडरबर्ड विश्वासू शिक्क्यांची यादी स्वतःजवळ बाळगतो. हा शिक्का त्या यादीत नव्हता, म्हणून त्यानं खिडकी दाखवली. आउटलुक विंडोजची यादी वाचतो आणि अँटिव्हायरस बसतानाच आपलं नाव त्या यादीत घालून घेतो, म्हणून तीच गोष्ट आउटलुकवाल्यांना जाणवतही नाही. दोन्ही प्रोग्राममधला हा फरक माहीत नसला की लोक थंडरबर्डला नावं ठेवतात. खरं तर त्या दिवशी थंडरबर्ड आपलं काम चोख करत होता.

दुकानातल्या मुलानं केलेला उपाय जुन्या काळातला आहे. तेव्हा काही अँटिव्हायरसची सूचनाच अशी असायची की मेल प्रोग्राममधलं कुलूप काढा, सर्व्हरपर्यंतचं कुलूप आम्ही लावतो. तुमच्या अँटिव्हायरसनं खरंच ते लावलंय की नाही हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. आणि समजा लावलं असेल, तरी ज्या दिवशी त्याची मुदत संपेल किंवा तो काढला जाईल, त्या दिवसापासून तुमचा पासवर्ड उघडा जायला लागेल. थंडरबर्ड काही बोलणार नाही, कारण ‘नन’ तुम्हीच निवडलंय.

तेव्हा मेल शील्ड बंद करा. नुसता तेवढा भाग, पूर्ण अँटिव्हायरस नाही. मग पोर्ट परत ९९५ आणि ४६५ करा, सिक्युरिटीत एसएसएल/टीएलएस निवडा. थंडरबर्डच्या सर्टिफिकेटच्या यादीत जाऊन त्या दिवशी कन्फर्म केलेला अपवाद काढून टाका. शेवटी मेलचा पासवर्ड बदला.

यानंतरही खिडकी आलीच तर डोळे झाकून कन्फर्म करू नका. ‘व्ह्यू’ दाबून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते वाचा. तिथं अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर तो भाग अजून चालू आहे. तुमच्या होस्टिंग कंपनीचं नाव दिसून फक्त पत्ता जुळत नसेल, तर सर्व्हरच्या रकान्यात तुमच्या डोमेनऐवजी होस्टिंगवाल्यांनी दिलेला पत्ता टाका. तिसरंच नाव दिसलं तर काम थांबवा आणि इथं लिहा.

दोनदा जाणाऱ्या बिलांचं मूळही हेच. मधला अडत्या पूर्ण मेल आपल्याकडं घेऊन तपासत बसतो. थंडरबर्ड साधारण १०० सेकंद उत्तराची वाट पाहतो आणि ‘गेला नाही’ म्हणतो. तिकडं अडत्याची तपासणी संपते आणि तो मेल पाठवून मोकळा होतो. मग तुम्ही परत पाठवता. नेट हळू असलेल्या गावांत हे फार होतं, शहरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

---

पतसंस्था_वर्धा | मंगळवार, दुपारी १:२०

मी इथल्या एका ग्रामीण पतसंस्थेत आहे. पूर्णाकाठ यांचं ज्ञान मोठं आहे, पण मला हे पटत नाही. मेल तपासणं बंद करा, मेलची फाइल वगळा, मग उरलं काय? व्हायरस मेलमधूनच तर येतो. आमच्याकडं ठेवीदारांचे पैसे आहेत. रॅन्समवेअरनं एका दिवसात सगळं लॉक केलेलं मी जवळून पाहिलंय. इथं वाचून कोणी उद्या सगळी दारं उघडी टाकली तर जबाबदार कोण?

---

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:४५

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायलाच हवं.

मेलमधली घातक फाइल मेलच्या पोटात असेपर्यंत नुसता मजकूर असते, सांकेतिक अक्षरांच्या लांबच लांब ओळी. ती चालत नाही, चालू शकत नाही. तुम्ही अटॅचमेंटवर दोनदा क्लिक करता तेव्हा थंडरबर्ड ती सुटी करतो, टेम्प फोल्डरमध्ये खरी फाइल म्हणून लिहितो आणि मग एक्सेलला किंवा वर्डला उघडायला देतो. सेव्ह केलीत तर डाउनलोड्समध्ये किंवा डेस्कटॉपवर लिहितो. या दोन्ही ठिकाणी अँटिव्हायरसची चोवीस तासांची राखण, म्हणजे रिअल-टाइम प्रोटेक्शन, चालूच असते. ती फाइल लिहितानाच पकडते. मेलच्या आतली स्क्रिप्ट थंडरबर्ड चालवत नाही, आणि बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय आणत नाही.

म्हणजे मी दार उघडं टाकायला सांगत नाही. गोदामातला बस्ता रोज उसवू नका, दारावरचा राखणदार मात्र जागा ठेवा, एवढंच म्हणतोय.

दोन पथ्यं तेवढी कडक आहेत. वगळायचा तो फक्त प्रोफाइलमधला (थंडरबर्ड आपलं सगळं सामान ठेवतो त्या फोल्डरातला) ‘मेल’ फोल्डर, आणि आयमॅप असेल तर ‘आयमॅपमेल’. पूर्ण प्रोफाइल वगळू नका, त्यात ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम असतात, त्यांच्यावर नजर राहू द्या. आणि टेम्प फोल्डर कधीही वगळू नका. ‘मशीन हळू चालतं’ म्हणून टेम्प वगळून देणारे महाभाग मी पाहिलेत. तसं केलं तर तुम्ही म्हणता तो धोका शंभर टक्के खरा.

पासवर्ड लावलेली झिप फाइल मेल शील्डलाही आतून पाहता येत नाही. रॅन्समवेअरवाले नेमकी तीच पाठवतात, पासवर्ड मेलच्या मजकुरातच लिहून. त्यामुळं ज्या रखवालीसाठी आपण एवढा त्रास सोसतो, ती नेमकी तिथंच आंधळी असते.

---

मास्तर_कुरखेडा | मंगळवार, रात्री १०:१०

माझाही तसाच प्रॉब्लेम वाटतो. जुन्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस टाकल्यावर थंडरबर्डमध्ये जीमेल येणं बंद. पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणतो. शाळेचे सगळे मेल अडलेत. मेल शील्ड बंद करून पाहिली, फरक नाही.

---

पूर्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:२२

मास्तर, यात अँटिव्हायरसचा दोष नाही. गूगलनं ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्राममध्ये साधा पासवर्ड घेणं थांबवत आणलं. सर्व्हर सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशनच्या जागी ‘ओऑथ२’ निवडा, गूगलची खिडकी उघडेल, तिथं लॉगिन करा. आउटगोइंगलाही तेच निवडायचं, ते बहुतेकांचं राहून जातं. लॅपटॉप विंडोज ७ वर असेल तर तेही सांगा. थंडरबर्डची ११५ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती.

---

मास्तर_कुरखेडा | बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

झालं सर! ८६ मेल एकदम आले. मनापासून धन्यवाद.

---

आंबिया_बहार | बुधवार, दुपारी ४:५०

पोर्ट बदलले, मेल शील्ड बंद केली, जुना अपवाद काढला. खिडकी आली नाही. पासवर्डही बदलला. एवढं चांगलं झालं.

पण इनबॉक्स परत आणला आणि पुन्हा गेला! आधी ‘मेल’ फोल्डर वगळला, मग क्वारंटाइनमधून ‘रिस्टोअर’ केलं. थंडरबर्ड उघडला, सगळे मेल दिसले, डोळ्यांत पाणी आलं. लगेच पेन ड्राइव्हवर कॉपी करायला घेतलं तर म्हणतो फाइल फार मोठी आहे. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा! दुसरा आणायला माणूस गावात पाठवला, तेवढ्यात एक वाजता लाल सूचना आली आणि इनबॉक्स परत क्वारंटाइनमध्ये. फोल्डर वगळलेला असताना असं कसं?

---

दुकान_अकोट | बुधवार, सायंकाळी ६:०५

ताई, दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत, दोन्ही सुटतात.

पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ मधी फॉरमॅट केला असन. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर बसतच नाही, ड्राइव्ह केवढाही रिकामा असू द्या. रिकामा हाय म्हणता, तं राइट क्लिक करून ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ मधी फॉरमॅट करा, मंग बसते. नवा आणाची गरज नाही.

अन् एक वाजता जे झालं ते ठरलेल्या वेळेचं स्कॅन होय. बऱ्याच अँटिव्हायरसमधी वगळायच्या यादी दोन असतात, एक रिअल-टाइमची, एक शेड्यूल्ड स्कॅनची. तुमी एकीत टाकलं, दुसरीत राह्यलं. दोन्हीत टाका. काही काही ठिकाणी वगळताना ‘सबफोल्डरसकट’ अशी खूणही करा लागते, थेही पाहा. आजच्या दिवस शेड्यूल्ड स्कॅन बंदच ठेवा.

आता क्रम नीट ध्यानात घ्या, घाई नोका करू. थंडरबर्ड बंद. नेटची वायर काढा. ‘मेल’ फोल्डरात जा. तिथं थंडरबर्डनं नवा लहान ‘इनबॉक्स’ बनवला असन, त्यात कालपासूनचे मेल हायेत. त्याचं नाव बदलून ‘नवे’ करा, नाही तं रिस्टोअर त्याच्यावर बसन अन् ते मेल जातीन. मंग रिस्टोअर करा. रिस्टोअर झाल्याबरोबर, थंडरबर्ड न उघडता, पह्यले पेन ड्राइव्हवर कॉपी. कॉपी पूर्ण झाली, आकार जुळला, का मंग ‘इनबॉक्स.एमएसएफ’ पुसा. त्यानं मेल जात नाईत, अनुक्रमणिका नवी तयार होते. तवा कुठं थंडरबर्ड उघडा. ‘नवे’ नावाचं फोल्डर डाव्या बाजूले आपोआप दिसन, त्यातले मेल ओढून इनबॉक्समधी टाका.

फोल्डर सापडत नसन तं थंडरबर्डच्या हेल्पमधी ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथं प्रोफाइल फोल्डरपुढं ‘ओपन फोल्डर’.

---

धानपट्टा (गोंदिया) | बुधवार, रात्री ८:४०

आमची राइस मिल आहे जी. आमच्याकडं आउटलुक २०१९. अँटिव्हायरस टाकल्यापासून उघडायलाच पाच मिनिटं घेते, मधातच ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. लाइन गेली की पुढच्या वेळी डेटा फाइल नीट बंद झाली नव्हती म्हणून तपासत बसते. खरेदीचा सीझन आहे, काम अडून राहते. आम्ही काय करावं जी?

---

पूर्णाकाठ | बुधवार, रात्री ९:१५

आउटलुकमध्ये अँटिव्हायरस आणखी एका वाटेनं शिरतो, ॲड-इन म्हणून. आधी विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘आउटलुक.ईएक्सई /सेफ’ चालवून पाहा. या पद्धतीत ॲड-इन चढत नाहीत. तसं झटकन उघडलं तर दोषी सापडला. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली ‘कॉम ॲड-इन्स’पुढं गो, आणि अँटिव्हायरसच्या नावापुढची खूण काढा. नंतर पीएसटी ज्या फोल्डरात आहे तो दोन्ही स्कॅनमधून वगळा.

डेटा फाइलचा इशारा रोज येत असेल तर आउटलुक बंद करून ‘स्कॅनपीएसटी’ चालवा, ऑफिसबरोबर तो येतोच. चालवायच्या आधी पीएसटीची प्रत काढा. आणि लहानसा यूपीएस घ्या हो. पीएसटी उघडी असताना लाइट जाणं हे कुठल्याही व्हायरसपेक्षा त्या फाइलला जास्त बाधतं.

---

आंबिया_बहार | गुरुवार, १३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

इनबॉक्स परत आला आणि राहिला. ३१ हजारांवर मेल आहेत. पेन ड्राइव्हवर एक प्रत, अध्यक्षांच्या घरच्या लॅपटॉपवर दुसरी. मंजुरीपत्र सापडलं, छापलं, फाइलला लावलं, उद्या सकाळी शाखेत देते.

दुकान_अकोट दादा, तुम्ही सांगितलेला क्रम मी कागदावर लिहून एकेक ओळ खोडत केला. ‘नवे’ नाव बदलायचं तुम्ही सांगितलं नसतं तर दोन दिवसांत आलेल्या तीन गाड्यांच्या ऑर्डरी गेल्या असत्या.

आता तो मूळ फसवा मेल शोधायचाय. अँटिव्हायरसच्या अहवालात इनबॉक्सच्या पुढं एका झिप फाइलचं नाव आहे. तो मेल सापडला तर नुसता डिलीट केला की झालं ना?

---

पूर्णाकाठ | गुरुवार, रात्री १०:४१

फार बरं वाटलं वाचून.

मेल शोधताना ‘अटॅचमेंट असलेले’ एवढेच दिसतील अशी चाळणी लावा, मग विषय आणि पाठवणाऱ्यावरून हुडका. तारखेवर जाऊ नका, फसवे मेल तारीखही खोटी घालतात.

नुसतं डिलीट पुरत नाही. थंडरबर्डमध्ये डिलीट म्हणजे त्या मेलवर ‘हा दाखवू नको’ अशी खूण, आणि त्याची एक प्रत ट्रॅशमध्ये. मूळ मजकूर इनबॉक्सच्या फाइलमध्ये तसाच पडून असतो. म्हणूनच लोक सांगतात, मेल पुसला तरी अँटिव्हायरस रोज तोच व्हायरस दाखवतो. शिफ्ट धरून डिलीट करा, म्हणजे ट्रॅशमध्ये जाणार नाही. नंतर इनबॉक्सवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’. आता कॉम्पॅक्ट चालेल, कारण प्रत हाताशी आहे आणि फोल्डर वगळलेला आहे. कॉम्पॅक्ट होताना थंडरबर्ड पूर्ण फाइल नव्यानं लिहितो. त्याच वेळी अँटिव्हायरसनं ती धरून ठेवली तर अर्धवट फाइल उरते. सोमवारी कॉम्पॅक्ट करू नका म्हणण्याचं कारण हेच. डिस्कवर इनबॉक्सएवढी मोकळी जागा आहे का तेही आधी पाहा.

एक सेटिंग आजच लावून घ्या. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली ‘अँटिव्हायरस’ असा मथळा आहे. तिथं येणारा मेल एकेकटा क्वारंटाइन करू देण्याची खूण आहे, ती करा. मग पॉपनं येणारा प्रत्येक नवा मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरतो आणि नंतर बस्त्यात जातो. अँटिव्हायरसला काही सापडलंच तर तो तेवढा एकच मेल उचलतो. एवढी साधी सोय वर्षानुवर्षं त्या प्रोग्राममध्ये आहे आणि अँटिव्हायरस बसवून देणारं कोणी ती सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि पूर्ण ४.६ जीबी इनबॉक्समध्ये ठेवू नका. वर्षावर्षाचे फोल्डर करा. फाइल लहान राहिली की काही झालंच तरी एका वर्षापुरतं होतं.

---

पतसंस्था_वर्धा | शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी २:३०

मी मंगळवारी विरोध केला होता, म्हणून स्वतः करून पाहिलं आणि सांगणं माझं काम आहे.

आयकारची चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांची. ती निरुपद्रवी आहे, पण सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजतात. आमच्या शाखेतल्या एका जुन्या मशीनवर ‘मेल’ फोल्डर वगळला आणि ती फाइल त्यात तयार केली. अँटिव्हायरस गप्प. तीच फाइल टेम्पमध्ये कॉपी केली, तर बोट उचलायच्या आत पकडली. डेस्कटॉपवर केली, तिथंही पकडली. म्हणजे पूर्णाकाठ म्हणतात तसंच आहे. आता बाकीच्या मशीनवरही असंच करणार आहे, आणि प्रत्येक मशीनवर ही चाचणी करून रजिस्टरमध्ये सही घेणार आहे.

मात्र एक मुद्दा मी सोडणार नाही. आंबिया_बहार ताईंचं मशीन विंडोज १० वर आहे. त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती नोंदणी आधी करा. खालची जमीनच खचत असेल तर वर कितीही पक्कं कुंपण घाला, टिकणार नाही.

---

दुकान_अकोट | शुक्रवार, दुपारी ३:१०

बरोबर बोलले साहेब. अन् ताई, जुना अँटिव्हायरस पूर्ण निघाला का थेही पाहून घ्या. मुदत संपली म्हंजे तो गेला असं नाही. दोन दोन एकाच मशीनवर असले का एकाच फाइलले दोघंही धरतात, अन् ४ जीबी रॅममधी तं मशीन बसूनच जाते. कंट्रोल पॅनलच्या यादीत नाव दिसलं तं त्याच कंपनीचं काढाचं टूल घेऊन काढा.

---

आंबिया_बहार | शनिवार, १५ नोव्हेंबर, रात्री ८:५५

मंजुरीपत्र काल दिलं, पोच घेतली.

फसवा मेल सापडला. मार्च २०२१ चा, ‘थकीत बिल’ असा विषय, झिप जोडलेली. तेव्हा टाळेबंदीच्या धास्तीत आम्ही घरूनच काम करायचो, कोणी उघडला नव्हता. शिफ्ट डिलीट केला, कॉम्पॅक्ट केला, ४.६ जीबीचा इनबॉक्स ३.९ वर आला. आधी पुसलेले कितीतरी मेल आत तसेच पडून होते म्हणायचे. आता २०१९ ते २०२४ चे सहा फोल्डर केलेत.

जुना अँटिव्हायरस खरंच अर्धा उरला होता. काढल्यावर मशीन दीड मिनिटात सुरू होतं, आधी चार लागायची. आज १२ एमबीचा फायटोसॅनिटरीचा संच पाठवला. एकदाच गेला आणि सेंटमध्येही दिसला. त्या व्यापाऱ्याला मुद्दाम फोन करून विचारलं, एकच प्रत मिळाली म्हणाला.

विंडोजची नोंदणी अजून झालेली नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं म्हणतो, आणि कंपनीच्या नावानं ते काढायचं की सचिवांच्या, हे सोमवारच्या सभेत विचारायचं आहे. पतसंस्था_वर्धा सर, तुमच्याकडं ते कोणाच्या नावानं आहे?

---

पतसंस्था_वर्धा | शनिवार, रात्री ९:२०

संस्थेच्या नावानं, संस्थेच्याच मेल पत्त्यावर. माणसं बदलतात, सचिवही बदलतील. पासवर्ड लिफाफ्यात सीलबंद करून तिजोरीत, आणि ठरावाच्या वहीत त्याची नोंद. नमुन्याचा ठराव हवा असेल तर आमचा टाइप केलेला आहे, उद्या इथंच टाकतो.

---

आंबिया_बहार | शनिवार, रात्री ९:२४

टाका सर, सोमवारी सकाळी अकराला सभा आहे.